जिन्यावरची पावलं

जानेवारीच्या शेवटच्या रविवारी परळमधल्या एका महापालिका शाळेचा तळमजल्यावरचा हॉल आमचा असतो. आमचा म्हणजे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्या, एकमेकांना आधार देणाऱ्या संस्थेतल्या आमच्या ग्रुपचा. वर्षभर आठवड्यातल्या दोन संध्याकाळी आम्ही तिथल्याच एका वर्गात पोरांच्या बाकांवर गुडघे दुमडून बसतो. ग्रुपच्या वर्धापनदिनाला मात्र हॉल, माईक, खुर्च्या आणि घरची माणसं. आमच्या परंपरेप्रमाणे इथे कुणाचंच नाव लिहीत नाही, माझंही नाही. 2002 पासून मी प्यायलेलो नाही, एवढी ओळख पुरे.

सुरुवातीचं फार सांगत नाही. प्रार्थना होते, दारूतून बाहेर पडण्याच्या आमच्या बारा पायऱ्या वाचल्या जातात. मग 1935 साली अमेरिकेतल्या ॲक्रन गावात न्यूयॉर्कचा शेअरबाजारातला बिल आणि तिथला सर्जन डॉ. बॉब कसे भेटले, ते चेअरमन सांगतात. 10 जून हा बॉबचा दारूमुक्तीचा पहिला दिवस, आणि तोच संस्थेचा जन्मदिवस धरतात. मग बर्थडे होतात, म्हणजे न पिता किती वर्षं झाली त्याचे. एका वर्षाच्या माणसाला टाळ्या सर्वांत जास्त पडतात, आणि पडायलाच हव्यात. त्या वर्षात झोप धड लागत नाही, गोडाची तलफ येते म्हणून खिशात लिमलेटच्या गोळ्या असतात, आणि मध्ये गटारी, गणपतीचं विसर्जन, मेव्हण्याची हळद, थर्टीफर्स्ट असं सगळं पार करावं लागतं. फक्त आजचा दिवस, असं आम्ही म्हणतो. ते किती खरं आहे हे त्या एका वर्षात कळतं.

इथे एक मनातलं बोलतो. ज्यांना पंधरा-वीस वर्षं झाली, त्यातले बरेच जण हल्ली येत नाहीत. कुणी म्हणतं मेगाब्लॉक होता, कुणाला लग्न असतं. अरे, मेगाब्लॉक तर बदलापूरच्या काकांनाही असतो! पंचाहत्तरीचा माणूस, गुडघा दुखरा, आणि सकाळी आठला शाळेच्या फाटकाशी हजर. नवा माणूस दारातून थरथरत आत येतो, तेव्हा त्याला आमची भाषणं नको असतात. वीस वर्षं न पिता जगलेला माणूस कसा दिसतो, ते त्याला बघायचं असतं. मी आलो तेव्हा मला तसा एक जण दिसला होता. त्याच्या शर्टाची इस्त्री मला अजून आठवते.

पण मी ज्याची वाट बघतो ते जेवणाआधीचं सत्र, घरच्यांचं शेअरिंग. आम्ही पिणारे बोलतो ते बहुतेक स्वतःबद्दलच. दारू सुटल्यावर घरात काय बदललं, आणि किती उशिरा बदललं, हे घरचीच माणसं सांगू शकतात.

काही वर्षांपूर्वी एक मुलगी बोलली. वडील गोदीत सेकंड शिफ्टला, घर चाळीत दुसऱ्या मजल्यावर, जिना लाकडी. ती म्हणाली, बाबांचं पहिलं पाऊल पायरीवर पडलं की मला कळायचं आज किती झालीय. सरळ पावलं आली तर मी वही उघडी ठेवायचे. घसटत आली तर वही बंद करून धाकट्या भावाला भिंतीकडच्या बाजूला सरकवायचे. बाबांनी सोडली तेव्हा ती बारा वर्षांची होती. "सगळे पेढे वाटत होते. मी मात्र त्यानंतरही जिना ऐकतच होते. एक वर्ष, दोन वर्षं, पाच वर्षं. बाबा रोज सरळ चढून यायचे आणि मी रोज जागी. मग कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असताना एकदा सकाळी उठले आणि बघते तर बाबा शेजारी झोपलेले. ते कधी आले, मला कळलंच नव्हतं." एवढंच बोलून ती खाली बसली. तिचे वडील माझ्या पुढच्या रांगेत होते. त्यांनी चष्मा काढला, तो कितीतरी वेळ हातातच होता.

मी तेव्हा हिशोब केला. बाराव्या वर्षापासून कॉलेजच्या शेवटापर्यंत, म्हणजे आठ वर्षं. यकृतावरची सूज, चरबी काही आठवड्यांत उतरायला लागते म्हणतात. हातांची थरथर त्याहून आधी जाते. पोरीच्या कानांना आठ वर्षं लागली.

2021 चा कार्यक्रम मोबाईलवर झाला, निम्म्यांचे चेहरे अर्धेच दिसत होते. पण त्यातही एका वहिनींचं बोलणं माझ्या लक्षात आहे. 2020 च्या मे महिन्यात लॉकडाऊनमध्येच मुंबईतली वाइन शॉप उघडली होती आणि रांगा एवढ्या लागल्या की महापालिकेने दोन दिवसांत ती बंद करायला लावली. त्यातल्या पहिल्या दिवशी त्यांचे यजमान रेशन आणायला म्हणून पिशवी घेऊन निघाले. वाटेवर वाइन शॉप. "मी अडवलं नाही, पाठोपाठ मुलाला पाठवलं नाही. गॅसवर डाळ होती, ती ढवळत राहिले." त्यांनी पुढे काय झालं ते सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही, कारण यजमान त्यांच्या शेजारीच बसलेले दिसत होते.

आता ज्यांच्याशिवाय हे होत नाही ती माणसं. शाळेचे शिपाईदादा, सुट्टीचा दिवस मोडून कुलूप उघडतात. लालबागचे मंडपवाले, शंभर खुर्च्या पाठवतात आणि पैसे नको म्हणतात, पण बाहेरच्यांची मदत घ्यायची नाही हा आमचा नियम, म्हणून दरवर्षी त्यांच्या खिशात पैसे कोंबावे लागतात. माईकवाला पोरगा. बॅनर जपून ठेवणारे डोंबिवलीचे भाऊ. टेम्पोवाले कॉटन ग्रीनचे मामा. पुस्तकांच्या टेबलावर दिवसभर बसणारे मास्तर. हॉस्पिटलच्या वॉर्डमधून नव्या पेशंटना आमचा पत्ता देणाऱ्या सिस्टर. अल-अनॉनच्या, म्हणजे पिणाऱ्यांच्या घरच्यांच्या ग्रुपच्या सगळ्या ताई, ज्या भात, आमटी, मटकीची उसळ आणि शिरा करतात. दारात उभे राहून प्रत्येकाला मिठी मारणारे शिवडीचे तात्या, मागच्या पावसाळ्यात गेले, न पिता गेले. आणि हॉल झाडणारी ती दोन नवी पोरं, त्यांना तेव्हा जेमतेम चाळीस दिवस झाले होते. यादी तीनदा वाचली. तरी कुणी राहिलं असेल तर मनापासून माफी.

आमची ही पहिल्यापासून येते, पण चहाच्या पिंपाशी उभी असते. माईक पुढे केला की मान हलवते. गेल्या वर्षी कुणी न बोलावता पुढे आली. म्हणाली, "पगाराच्या दिवशी मी धाकट्याचं बोट धरून वर्कशॉपच्या गेटबाहेर उभी राहायचे. हे दुसऱ्या गेटने निघून जायचे. परवा बँकेत पासबुक भरून घेतलं तेव्हा कळलं, यांची पेन्शन जमा होऊन चार दिवस झालेत. मला तारखेची आठवणच राहिली नव्हती." आणि परत पिंपाशी गेली.

धाकटा आता तीस वर्षांचा आहे. तो कधीच आलेला नाही, आणि याचं मला वाईट वाटतं. संध्याकाळी मात्र न चुकता फोन करतो. त्या दिवशीही केला. आई बोलली म्हटल्यावर त्याने विचारलं, "गेटचं सांगितलं?" मी हो म्हटलं. तो जरा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "शिरा उरला असेल तर ठेवा, मी उद्या येतो."