फरक पडला, पण दीड तासाचा

मुंबईत हाजीअलीच्या हॉस्पिटलात मुलाच्या फिजिओसाठी बाहेर बसलं की एखादी नवी आई जवळ सरकते, माझ्या मुलाच्या पायांकडे बघते आणि हळूच विचारते, "ताई, तुम्ही आयुर्वेदिक केलंत म्हणे. फरक पडला का?"

पडला. पण तुम्हाला हवाय तो नाही.

माझा मुलगा 9 वर्षांचा आहे, त्याला सेरेब्रल पाल्सी आहे, चालत नाही. जन्माच्या वेळी मेंदूला झालेली इजा कुठल्याच तेलाने भरून येत नाही. पाय ताठ ठेवायचा हुकूम तिथूनच सुटतो. पाय बिचारे हुकमाचे ताबेदार. वैद्य याला वाताचं दुखणं म्हणतात, म्हणून उपाय स्निग्ध आणि उष्ण. आम्ही रोज क्षीरबला तेल लावतो, आणि वर्षातून दोनदा, 14-14 दिवस, साठेसाळीच्या तांदळाचा पिंडस्वेद. चिकणामुळाचा काढा आणि दूध यांत तांदूळ गाळ शिजवायचा, फडक्यात पोटली बांधायची, ती काढ्या-दुधात गरम करत अंगावर फिरवायची. घरभर खिरीचा वास. पहिल्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, "साखर कधी घालायची?"

पोटली झाली की एरवी कैचीसारखे एकमेकांवर चढणारे पाय लंगोट बदलताना अलगद उघडतात. दीडेक तास. संध्याकाळी ये रे माझ्या मागल्या. मग सुचलं, हा दीड तास झोपेत घालवायचा नाही. लगेच फिजिओने शिकवलेले ताण, मग पाय सरळ धरणारं स्प्लिंट, मग उभं राहायची चौकट. ताठ स्नायू सैल करणारं बोटॉक्सचं इंजेक्शनही दिलं, त्याचा जोर तीन-चार महिने राहिला. पोटली काय, बोटॉक्स काय, दोन्हींचं काम एवढंच, पाय उघडून देणं. पुढचं आपल्याला करायचं असतं.

चोळणारे हात मात्र बघून घ्या. एका मालिशवाल्या बाईंनी तान्ह्या बाळाचा ओढतात तसा खसकन पाय ओढला. तो कुलूप लागल्यासारखा अडला आणि पोर किंचाळलं. झटका दिला की हा ताठरपणा भडकतो, सावकाश नेलं तर पाय येतो. पोटली आधी स्वतःच्या मनगटावर टेकवा. ज्याला बोलता येत नाही तो चटका बसला हे कसं सांगणार?

एक वैद्य 'सहा महिन्यांत चालवतो' म्हणाले. पुड्या दिल्या, कसलं भस्म ते सांगेनात. वर फिटची गोळी बंद करा म्हणाले. मी त्यांचा जिना उतरले ती पुन्हा चढले नाही. भस्मांत शिसं, पारा असू शकतो, आणि फिटचं औषध एकदम तोडलं तर फिट थांबता थांबत नाही, असंही होतं. आमचे आताचे वैद्य न्यूरोलॉजिस्टची फाइल आधी मागतात.

आणि हो, चटईलगतच्या भिंतीला जुनी चादर लावा. तेल फरशीवरून निघतं, भाड्याच्या घराच्या भिंतीवरून नाही.