चहा सांडला म्हणे

कॅज्युअल्टीच्या कागदावर लिहिलं होतं, 'अंगावर गरम चहा सांडला.' पोरगा दीड वर्षाचा, गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एका वाड्यावरचा. एप्रिल महिना, काजूचा मोसम. आई पहाटेच बोंडं गोळा करायला बागायतीत गेलेली, घरी फक्त आजी.

कमरेखाली पांढरा थर होता. टूथपेस्ट. बर्न्स वॉर्डात इतकी वर्षं काढल्यावर आता ती वासावरूनच कळते. सलाईनने धुऊन काढायला मला अर्धा तास लागला. पोर किंचाळत होतं, मी त्याला उगाच 'झालं रे, झालं' म्हणत होते. वीस मिनिटं नळाखाली धरलं असतं तर यातलं बरंचसं वाचलं असतं, पण ते आजीला त्या वेळी बोलून काय उपयोग?

पेस्ट निघाली तशी मांड्यांवर एक रेघ दिसायला लागली. वर गोरी कातडी, खाली लाल, सोललेली. चहा सांडला की छातीवर सगळ्यात जास्त भाजतं आणि ओघळ खाली निमुळता होत जातो. याची छाती स्वच्छ होती. हे पोर गरम पाण्यात बसलं होतं.

डॉक्टरबाईही त्या रेघेकडे बघत राहिल्या. अशी रेघ दिसली की मनात वाईट शंका येतेच. कोणी मुद्दाम धरून बुडवलं असेल तर कड अगदी सरळ येते आणि आजूबाजूला शिंतोडे नसतात. याच्या पोटावर नि कोपरावर मात्र बारीक बारीक फोड होते, रेघही एका बाजूला तिरकी झालेली. धडपडला होता. मला हायसं वाटलं, खरं सांगते.

बाईंनी त्याचा इवलासा तळहात कागदावर टेकवून पेनाने आखून घेतला. बोटांसकट तळहात म्हणजे ज्याच्या त्याच्या अंगाचा साधारण एक टक्का. असे चौदा भरले. वजन दहा किलो. भाजल्यावर पहिल्या चोवीस तासांत द्यायचं सलाईन किलोमागे, दर टक्क्याला चार मिली : चार गुणिले दहा गुणिले चौदा, 560 मिली. रोजच्या गरजेचं सलाईन वेगळं. यातलं निम्मं पहिल्या आठ तासांत द्यायचं, आणि हे आठ तास भाजल्यापासून मोजायचे, वॉर्डात आल्यापासून नव्हे. म्हणून मी आजीला विचारलं, "नक्की किती वाजता?"

"न्हाणयेच्या वेळार..." म्हणाली आणि गप्प झाली.

मग पदर तोंडाला लावून हळूहळू सांगितलं. बादलीत भाणातलं, म्हणजे न्हाणीतल्या पाणी तापवायच्या हंड्यातलं, कढत पाणी ओतून ती थंड आणायला विहिरीवर गेली. बादली जमिनीवर. पोर मागे सरकत सरकत गेलं आणि बसलं ते थेट बादलीतच. पाणी साठ अंशांचं असलं तरी पाच सेकंदांत मोठ्या माणसाचं कातडं खोलवर भाजतं. या वयाचं त्याहून लवकर.

"सुनेला कळलं तर?" म्हणून चहा. कॅज्युअल्टीत तेच, पोलिसालाही तेच.

घरात गॅस आहे, पण भाण अजून लाकडावर. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 2019-21 साली देशातली 58.6 टक्के घरं स्वच्छ इंधनावर स्वयंपाक करणारी निघाली. हे घरही त्यातच धरलं जाईल, न्हाणीतली चूल कोण विचारतो?

बाईंनी एकदा आम्हाला 2009 साली 'लॅन्सेट'मध्ये आलेला एक अभ्यास समजावून सांगितला होता. 2001 या एका वर्षात भारतात आगीने 1,63,000 हून जास्त माणसं गेली असा त्यात अंदाज होता. पोलिसांच्या नोंदीपेक्षा सहा पट. त्यातल्या सुमारे 1,06,000 बायका, बहुतेक 15 ते 34 वयातल्या. 'स्टोव्हचा भडका' हे शब्द मी नोकरीच्या पहिल्या वर्षांत किती वेळा लिहिले असतील! बाजूला सासर उभं असायचं आणि बाई छताकडे बघून तेच सांगायची. आता स्टोव्ह क्वचित दिसतो, कढत पाणी आणि तेल जास्त. भीती मात्र तीच, फक्त या खेपेला सासू सुनेला घाबरत होती.

रजिस्टरमध्ये 'कारण' या रकान्यात जेमतेम दोन शब्द मावतात. मी चहा खोडला, 'गरम पाणी' लिहिलं, तेही पुरेना. मग समासात बारीक अक्षरात लिहिलं : बादलीत आधी गरम ओतलं, थंड नंतर. हँडओव्हर घ्यायला आलेली पोरगी म्हणाली, "सिस्टर, एवढं कोण वाचणार?" खोडलेल्या जागी सही करून मी बाईंना सांगितलं, पोलिसाला जबाब पुन्हा नोंदवायला लागणार होता.

दुपारी आई आली, हातांना बोंडांचा वास, चप्पल एका पायातली तुटलेली. जबाब पुन्हा व्हायचा म्हणजे लपवून भागणार नव्हतं. मी आजीला पुढे बसवलं आणि म्हटलं, तुम्हीच सांगा. ती सांगत होती, आई पोराच्या पट्ट्यांकडे बघत होती. बराच वेळ काही बोलली नाही.

"मीपण तशीच घालते," म्हणाली. "आधी ऊन, मग थंड."