मूरचा मेणखडू लोकरीत

लंडनच्या लिव्हरपूल स्ट्रीट स्टेशनवरून बिशप्स स्टॉर्टफर्डची गाडी पकडायची आणि तिथून टॅक्सीने पेरी ग्रीन या खेड्यात जायचं. शिल्पकार हेन्री मूर १९४० पासून शेवटपर्यंत इथे राहिले. कुरणात त्यांची ब्राँझची शिल्पं आहेतच, पण जास्त वेळ ठेवा तो जुन्या लाकडी कोठारासाठी. मूरच्या चित्रांवरून विणलेल्या भल्यामोठ्या लोकरी टॅपेस्ट्री तिथे टांगलेल्या असतात. त्या विणल्या ससेक्समधल्या वेस्ट डीन कॉलेजच्या स्टुडिओत. हा स्टुडिओ १९७६ साली सुरू झाला. हिवाळ्यात मूरचं हे ठिकाण बंद असतं, तेव्हा तारखा बघूनच निघा.

पैठणीचा पदर मागावर विणताना ज्यांनी पाहिलाय, त्यांना हे तंत्र लगेच कळेल. प्रत्येक रंगाचा बाणा, म्हणजे आडवा धागा, आपल्या हद्दीपुरता जातो आणि मागे वळतो. इथे मात्र लोकरीचा बाणा इतका ठोकून बसवतात की ताणा, म्हणजे मागावरचा उभा धागा, पूर्ण झाकला जातो.

खरी कसोटी मूरच्या चित्राची. मेणाच्या खडूने रेघोट्या मारून ते वरून जलरंग फिरवत. मेणावर पाणी ठरत नाही, त्यामुळे रंग फुटतो आणि ठिपके उरतात. कागदावर क्षणात घडलेली ही गोष्ट विणकराला एकेक ठिपका ठरवून करावी लागते. त्यासाठी एकाच बॉबिनवर चार-पाच बारीक धागे मिसळून गुंडाळतात. समजा तीन राखाडी, दोन निळे. पुढच्या पट्ट्यात चार राखाडी, एक निळा. चार पावलं मागे सरलं की ओला फराटा दिसतो, जवळ गेलं की धागे सुटे होतात.

पेन्सिलची रेघ त्याहून अवघड. बाणा एकदाच नेला तर एकाआड एक ताणा झाकला जातो आणि रेघेऐवजी तुटक ठिपके दिसतात. नेऊन परत आणला तरच ती अखंड होते, पण थोडी जाड आणि किंचित नागमोडी. म्हणून कुठली रेघ ठेवायची, कुठली सोडायची, हे विणकरच ठरवतो. या कामाला नुसती नक्कल म्हणणं चूक आहे.

फटींचंही बघायला हवं. मागावर दोन रंगांची हद्द सरळ उभी आली की दोन्ही बाणे शेजारशेजारच्या ताण्यांवरून उलटे फिरतात आणि मध्ये फट राहते. मोठं चित्र बऱ्याचदा कुशीवर वळवून विणतात. मग टांगल्यावर या फटी आडव्या होतात, खालच्या लोकरीचं सगळं वजन त्यांच्यावर येतं आणि त्या तोंड वासतात. लांब फट म्हणूनच हाताने शिवून घ्यावी लागते. बाणा ताणून घातला तर आणखी एक घोळ होतो: कडा आत ओढल्या जातात आणि चौकट वाकडी होते. त्यासाठी प्रत्येक फेऱ्यात धाग्याला थोडी कमान देऊन मगच ठोकतात.

लोकरीचे रंग उडू नयेत म्हणून उजेड मंद ठेवावा लागतो. डोळे सरावेपर्यंत थांबा, मग एखाद्या आकृतीच्या खांद्याची कड तिरक्या नजरेने बघा. रंग बदलतो तिथे कडेने केसाएवढी सावली दिसेल. ती चित्रातली नाही, विणीतली आहे.