प्रोस्टेटची सूज: आधी दोन बाटल्या, मग गोळ्या

पन्नाशीच्या आतला पुरुष, वृषण आणि गुदद्वार यांच्यामध्ये बोथट दुखणं, वीर्यस्खलनानंतर ठणका, लघवीला सारखं जावं लागणं. अशा वेळी ‘प्रोस्टेट वाढलंय’ म्हणून मोकळं होण्याआधी प्रोस्टेटायटिसचा, म्हणजे मूत्राशयाखालच्या प्रोस्टेट ग्रंथीच्या सुजेचा विचार करावा. ही सूज म्हणजे कॅन्सर नव्हे.

अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने १९९५ मध्ये हिचे ४ प्रकार पाडले: तीव्र जंतुसंसर्ग, जुनाट जंतुसंसर्ग, जंतू न सापडणारं ओटीपोटाचं जुनाट दुखणं आणि त्रास नसताना योगायोगाने सापडलेली सूज. दहातले नऊ रुग्ण तिसऱ्या प्रकारातले. तरी चिठ्ठीवर अँटिबायोटिकच का येतं? कारण कल्चर, म्हणजे नमुन्यात जंतू वाढतात का ही तपासणी, झालेलीच नसते.

दोन बाटल्यांची तपासणी सोपी आहे. मूत्राशय बऱ्यापैकी भरलेलं हवं. शिश्नाचं टोक धुवायचं, पहिली धार सोडून द्यायची, मधल्या धारेतली १०-२० मिली लघवी निर्जंतुक बाटलीत घ्यायची आणि थांबायचं. मग डॉक्टर गुदद्वारातून बोटाने ग्रंथी दोन्ही कडांकडून मध्याकडे मिनिटभर दाबतात. लगेच येणारी पहिली १० मिली दुसऱ्या बाटलीत. दुसरीत जंतू १० पट किंवा त्याहून जास्त निघाले, तर मुक्काम ग्रंथीतच. जंतू नाहीत पण पू-पेशी वाढल्या, तर तिसऱ्या प्रकारातली दाहाची बाजू. दोन्ही नाहीत, तर निव्वळ दुखणं.

गडबड होते ती बारीकसारीक गोष्टींत. पहिल्याच बाटलीत मूत्राशय रिकामं केलं की दुसरी कोरडी राहते. गोळ्या चालू असताना दिलेला नमुना खोटा दिलासा देतो. उन्हाळ्यात दोन-तीन तास बाहेर राहिलेल्या बाटलीत जंतू वाढतात; लॅब लांब असेल तर फ्रिजमध्ये ठेवा. शिवाय अनेक लॅब मिलीमागे १ लाखाखालची वाढ नगण्य ठरवतात, इथे मात्र काही हजारही महत्त्वाचे. ‘कमी वाढही कळवा’ असं फॉर्मवर लिहून घ्या.

थंडी वाजून ताप असेल तर हा मसाज अजिबात नको, जंतू रक्तात उतरू शकतात. लघवी आणि रक्ताचं कल्चर पाठवून औषध ताबडतोब सुरू करायचं.

जंतू बहुधा ई. कोलाय, मूत्रमार्गातून वर चढलेले. कॅथेटर किंवा बायोप्सीनंतरही शिरतात. जुनाट संसर्गाला ५ दिवसांचा कोर्स पुरत नाही, कारण फार थोडी औषधं ग्रंथीत पोचतात; सहसा ४ ते ६ आठवडे लागतात. पू-पेशी आहेत आणि कल्चर कोरं, तर आपल्याकडे टीबी विसरू नये: सकाळच्या पहिल्या लघवीचे ३ नमुने, सीबीनॅट या टीबीच्या जनुकीय तपासणीसाठी. सिप्रोफ्लॉक्सासिनच्या गटातली औषधं टीबीला अर्धवट दाबून निदान लांबवतात.

जंतूच नसतील तर बोट ग्रंथीवरून बाजूच्या स्नायूंवर न्यायला सांगा. तिथे दाबल्यावर नेमकं ‘हेच ते दुखणं’ असं वाटलं, तर दोषी बऱ्याचदा ताठरलेले स्नायू असतात, आणि औषधापेक्षा फिजिओथेरपी कामाची.

पीएसए, म्हणजे प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी करतात ती रक्ततपासणी, सूज चढलेली असताना करूच नका. आकडा उगाच फुगतो, आणि घरची झोप उडते. बरं झाल्यावर ६ ते ८ आठवडे जाऊ द्या.