गेट काही लागेना

लेक सिडनीला असते. दिवाळीला यायचं ठरलं तेव्हा तिची एकच अट होती : "बाबा, स्विमिंग पूलला कुंपण झाल्याशिवाय मी पोराला घेऊन येणार नाही." नातू अडीच वर्षांचा, आणि नागपूरजवळच्या बेसाच्या घरामागे मी हौसेने बारा बाय वीस फुटांचा पूल बांधून बसलो होतो. तिकडे 30 सेंटिमीटरपेक्षा जास्त पाणी राहील अशा प्रत्येक पूलला कुंपण सक्तीचं आहे. तिने मापं पाठवली. उंची निदान 1200 मिलिमीटर, दोन उभ्या गजांमध्ये आणि खाली जमिनीपाशी 100 हून जास्त फट नको, गेट पाण्याच्या उलट दिशेला उघडणारं आणि आपोआप बंद होऊन लागणारं, लॅच, म्हणजे गेट धरून ठेवणारी कडी, 1500 उंचीवर.

फॅब्रिकेशनवाल्याने आधी आडव्या पट्ट्यांचं डिझाइन दाखवलं. हल्ली दर दुसऱ्या बंगल्याला तेच असतं. दिसतं छान, पण पोरासाठी ती शिडीच. उभे गज सांगितले, तर पठ्ठ्याने पाइप वाचवायला पाच-पाच इंचांवर ठोकले. मी दहा सेंटिमीटरचा लाकडी ठोकळा कापून घेतला आणि प्रत्येक फटीत घालून बघितला. निम्मं कुंपण परत पाठवलं. हे सगळं आठ दिवसांत उरकलं.

गेटने मात्र चार महिने खाल्ले.

मे महिन्यात बसवलं, तेव्हा साध्या बिजागऱ्या आणि साधी कडी. "आपोआप लागलं पाहिजे" म्हटलं, तर म्हणाला, "काऊन टेन्शन घेता काका, होऊन जाते न." मग स्प्रिंगच्या बिजागऱ्या आल्या. पूर्ण उघडून सोडलं की गेट धाडकन लागायचं. चार बोटं उघडं ठेवलं की तसंच राहायचं. त्याचं उत्तर : "जरा जोरात ढकला न काका." अरे बाप्पा, अडीच वर्षांचं पोर पाठीमागे गेट जोरात ढकलेल का? चार बोटांवरून सोडलं तरी लागलं पाहिजे, हाच तर मुद्दा होता. ते त्याला पटवायला माझा जून गेला.

ऑनलाइन चुंबकाचा लॅच मागवला. वरची गुंडी उपसली की उघडतो, सोडला की टक् करून धरतो. वाटलं, सुटलो. जुलैत पाऊस लागला आणि लॅच जुळेना. कुंपण जरा बाजूला, खांब जरा वाकडा, लॅचचे दोन भाग बोटभर वरखाली. फॅब्रिकेशनवाला म्हणे लॅच डुप्लिकेट आहे. शेवटी घर बांधणाऱ्या मिस्त्रीने बघितलं. खांब फूटभर खोल काळ्या मातीत उभे! ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते; तिच्यात उभा केलेला खांब जागेवर राहीलच कसा? गेटचे दोन्ही खांब उपटले, तीन फूट खणून काळी माती काढली, तळाशी मुरूम ठोकला, वर काँक्रीट. तेव्हा कुठे लॅच जुळला.

हो, राहिलंच. गेट लागतंय म्हणून मी खुशीत होतो, तर कुंपणाला टेकूनच फिल्टरचा पेटारा आणि दोन मोठ्या कुंड्या! पोर त्यावर चढलं की 1200 चे 600 होतात. लेकीने व्हिडिओ कॉलवर पकडलं. कुंपणाच्या बाहेरून 900 मिलिमीटरपर्यंत चढण्यासारखं काही नको. कुंड्या अंगणात गेल्या, पेटारा कुंपणाच्या आत.

आणि फॅब्रिकेशनवाल्याला शेवटचा हप्ता एक पावसाळा होऊन गेल्याशिवाय देऊ नका. मी मेमध्येच हिशोब चुकता केला होता, त्यामुळे खांबांचं काम पुन्हा माझ्याच खिशातून झालं.

दिवाळीला नातू आला. दोन्ही हातांनी गज धरून खूप हलवले, गुंडीपर्यंत हात पोहोचेना, मग पाइप घेऊन तुळशीला पाणी घालत बसला. फॅब्रिकेशनवाला आता माझ्या गेटचा फोटो गिऱ्हाइकांना दाखवतो म्हणे. "ऑस्ट्रेलियन मॉडेल."