पहिल्या महायुद्धातला सैनिकी मोजा विणताना

1914 च्या हिवाळ्यात फ्रान्समधले खंदक पाण्याने भरले. खडकीच्या सॅपर्स अँड मायनर्सच्या, म्हणजे लष्करी इंजिनियर दलाच्या, 20व्या आणि 21व्या कंपन्याही त्याच आघाडीवर होत्या. 28 ऑक्टोबरला त्या नव्ह शापेलला लढल्या होत्या. ओल्या, गार, घट्ट बुटात तासन्‌तास राहिलेला पाय सुजतो, बधिर होतो, सडू लागतो. कोरड्या मोज्यांचा जादा जोड हे तिथे औषधच होतं. ब्रिटन-कॅनडातल्या आणि पुढे अमेरिकेतल्या बायकांनी ते मोजे घरोघरी विणले. त्याच धर्तीवर मी एक जोड विणला, त्यातलं कामाचं लिहिते.

आधी लोकरीचा तुकडा जाळून बघा. खरी लोकर जळक्या केसांसारखी वास मारते आणि राख चुरते. अ‍ॅक्रिलिक वितळून कडक मणी होतो. ओली झाल्यावरही ऊब देते ती खरी लोकरच. 150 ग्रॅम घेऊन बसा.

वीण 1 इंचात 6 टाके, 8 ओळी अशी हवी. दोन्हीकडे टोक असलेल्या तीन सुयांवर 20-20 मिळून 60 टाके सैल घालायचे, चौथीने विणायचं. दोन सुलट, दोन उलट असा साडेचार इंच काठ, मग एकूण 11 इंच होईपर्यंत सगळं सुलट. सुया जिथे मिळतात तिथे सैल टाक्यांची शिडी पडते, म्हणून प्रत्येक सुईचे पहिले दोन टाके ओढून घ्या.

टाच 30 टाक्यांवर, 26 ओळी. प्रत्येक ओळीचा पहिला टाका न विणता घ्यायचा. टाके कमी करत टाच वळवून झाली की 18 उरतात. दोन्ही कडांवरून 13-13 उचलले, की वरच्या 30 धरून 74 होतात. मग एकाआड एक फेरीत दोन्हीकडे एकेक कमी करत पुन्हा 60. कोपऱ्यात भोक राहतंच. तिथे एक टाका जादा उचलून पुढच्या फेरीत शेजारच्याबरोबर विणा.

लोकर संपली तर गाठ नको. बुटात ती खड्यासारखी टोचते. दोन्ही धागे आठ-दहा टाके एकत्र विणले की पुरतं.

टाचेपासून साडेआठ इंच झाल्यावर चवडा. एकाआड एक फेरीत चार टाके कमी करत 20 वर यायचं, मग दोन सुयांवर 10-10 समोरासमोर ठेवून बोथट सुईने जोडायचे. याच जोडणीला ब्रिटनचे तेव्हाचे युद्धमंत्री लॉर्ड किचनर यांचं नाव मिळालं. सुरुवातीला एकदाच पुढच्या सुईच्या पहिल्या टाक्यात बोथट सुई उलट, मागच्या सुईच्या पहिल्यात सुलट घालून दोन्ही टाके सुईवरच ठेवा. त्यानंतर मात्र पुढच्या सुईवर पहिल्या टाक्यात सुलट घालून तो सोडा, दुसऱ्यात उलट घालून तो ठेवा. मागच्या सुईवर पहिल्यात उलट घालून सोडा, दुसऱ्यात सुलट घालून ठेवा. मधे उठू नका, क्रम हमखास चुकतो. धागा घट्ट ओढलात तर कड उभी राहते, आणि मैलोन्‌मैल चालणाऱ्याच्या बोटांना तिनेच फोड येतात. आतून अंगठा फिरवून बघा. जोडणी हाताला लागली, तर उसवून पुन्हा करा.