लंच टेबलवरचं आजचं

आज ऑफिसात डबा खाताना टीममधल्या एकाने आमच्या मिझोराममधल्या आयझॉलच्या मैत्रिणीला परत तेच विचारलं, 'तुमच्याकडे नक्की काय काय खातात गं?' आणि सगळे फिदीफिदी हसले, मीपण हसले, खोटं कशाला बोलू. तिने गुपचूप डब्याचं झाकण लावलं, भात तसाच. मग चहाला त्याला बाजूला घेतलं, म्हटलं अरे २०१४ ला दिल्लीत अरुणाचलच्या नीडो तानिया नावाच्या विद्यार्थ्याचा मारहाणीत जीव गेला ना, ते पण केसांवरच्या चेष्टेवरूनच सुरू झालेलं, त्यानंतर ईशान्येकडच्या लोकांच्या अडचणी बघायला सरकारची बेझबरुआ समिती बसली. तर म्हणे 'मी काय रेसिस्ट आहे का, मस्करी होती यार!' म्हटलं तुला नाव ठेवत नाहीये रे, तिला ते कसं लागतं एवढंच सांगतेय. चहा गार झाला पण ऐकून घेतलं त्याने. संध्याकाळी तिच्या डेस्कपाशी उभा दिसला. माझं सॉरी मात्र अजून बाकीये, उद्या डबा उघडायच्या आधी ते.